पहिली ओंजळ

आमच्या इमारतीत बावीस बिऱ्हाडं आहेत आणि सगळी नाकानं कांदे सोलणारी. लिफ्टमध्ये मासळीचा वास आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तासभर मारामारी. दर्शनी भिंतीला दर दोन वर्षांनी नवा रंग. आणि त्याच इमारतीच्या डोक्यावर काय होतं ते मी पाहिलंय. वरून कीर्तन, आतून तमाशा, दुसरं काय! मी या सोसायटीच्या कमिटीवर आहे. हे सांगताना स्वतःचीच किळस येते, पण सांगतो.

मृणाली गेल्या ऑगस्टमध्ये आली. संगमेश्वरकडच्या एका वाडीतली, आयटीआय केलेली, बावीस वर्षांची. इमारतींची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत वर्षभरासाठी शिकाऊ म्हणून लागली आणि कंपनीनं तिला आमच्याकडे धाडलं. पंप, बॉलकॉक, लिफ्टची खोली, ड्रेनेजचे चेंबर, सगळं शिकायचं. रोजचं काम डायरीत लिहायचं आणि महिनाअखेरी सुपरवायझरची सही घ्यायची. सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष फुकट.

पोरगी तिखट कानाची. पहिल्याच महिन्यात पंपाजवळ उभी राहून म्हणाली, "काका, ह्याचं बेअरिंग जाणार." मी हसलो. आठवड्यात बेअरिंग गेलं आणि दोन दिवस आम्ही बादल्या वाहिल्या.

तिचा सुपरवायझर नितेश. कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्र, आणि गच्चीच्या जिन्याची पायरी वर्षात एकदाही चढलेला नाही. मार्चमध्ये त्यानं तिच्या हातात पाण्याच्या टाकीच्या सफाईचं कार्ड दिलं. त्यावर दर सहा महिन्यांच्या तारखा एकाच पेनानं भरलेल्या होत्या. अजून न आलेल्या सप्टेंबरचीसुद्धा! प्रत्येक तारखेपुढे 'टाकी स्वच्छ', खाली देखरेख म्हणून नितेशचं नाव. 'सफाई करणार' हा रकाना तेवढा मोकळा.

"इथं तुझं नाव घाल," तो म्हणाला. "शिकाऊचं चालतं."

मृणाली कार्ड घेऊन आधी गच्चीवर गेली. टाकीचं झाकण फुटलेलं होतं आणि त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता. तो तिनं सोडला. पाण्यावर कबुतराची पिसं, भिंतींना हिरवी बुळबुळ, तळाशी बोटभर काळा गाळ आणि कोपऱ्यात फुगलेला मेलेला उंदीर. तिनं फोटो काढले आणि ती थेट माझ्या दारात आली.

फोटो मी एकेक करून पाहिले. तरी मी म्हणालो काय? "आमच्याकडे आरओ आहे गं."

"काका, खाली गंगुबाईंच्या खोलीत नाय."

गंगुबाई म्हणजे आमच्या वॉचमनची, आत्मारामची बायको. जिन्याखालच्या खोलीत दोघं राहतात. त्यांचा नळ थेट या टाकीचा. "बघू मीटिंगमध्ये," असं म्हणून मी दार लावलं. आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. फोटो मी कमिटीच्या ग्रुपवर टाकले, तिथूनही 'बघू'च आलं.

मृणालीनं कार्डावर सही केली नाही. मग नितेशनं तिच्या डायरीवर केली नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. आणखी एक महिना कोरा गेला असता तर तिचा परीक्षेचा अर्जच पुढे सरकला नसता. वर नितेशनं कमिटीकडे तक्रार केली, मुलगी उद्धट आहे, सांगितलेलं ऐकत नाही, बदलून देतो.

मेमधल्या एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली, कमिटीचे आम्ही चौघं आणि नितेश. आधी गंगुबाईंनी चहा दिला. चहा झक्क होता, दोघातिघांनी परत मागून घेतला. मग नितेश शिस्तीवर बोलला. आमचे अध्यक्ष मान डोलावत राहिले. मीही डोलावली.

मृणाली जिन्याखालच्या नळावर भरलेला तांब्या आणि पाच पेले घेऊन आली. पाणी ओतून तिनं एकेकापुढे पेला ठेवला.

"आमच्या वाडीत वैशाखात विहीर उपसतात," ती म्हणाली. "सगळी माणसं लागतात. नवं पाणी आलं की जो खाली उतरलेला असतो तो पहिली ओंजळ पितो, मग बाकीचे. सर, कार्डावर तुमचं नाव हाय. पहिली ओंजळ तुमची."

नितेश हसला. "माझी बाटली आहे," म्हणाला. अध्यक्षांनी पेला बोटानं दूर सरकवला. मी माझ्या पेल्याकडे पाहिलंच नाही.

गंगुबाई कपबशा गोळा करत होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं; पाणी उकळून प्या, एवढंच मृणालीनं सांगितलं होतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की पोरीच्या हातचं पाणी कोणी घेत नाही. त्या तरातरा पुढे आल्या.

"पोरीनं पानी दिलान नि एकानंपन घेतलान नाय? काय मानसं की कोन!" आणि त्यांनी माझ्यासमोरचा पेला उचलून घटाघटा संपवला.

"काकी, नको!" मृणाली ओरडली.

"नको कशाला? आमी रोज ह्येच पितो. आत्ता ह्येनी घेतलानी तो च्यापन ह्याच पान्याचा."

अध्यक्ष उठून गटाराकडे धावले. कमिटीतल्या बाई तोंडाला पदर लावून बसल्या. नितेश खुर्चीतच पांढरा पडला, त्यानंही दोन कप घेतले होते. दोन महिने जे आम्हाला सुचलं नव्हतं ते अर्ध्या मिनिटात सुचलं. टाकी आजच्या आज साफ झाली पाहिजे! गंगुबाई इतकी वर्षं पीत होत्या तेव्हा घाई नव्हती. स्वतःच्या पोटात गेलं तेव्हा झाली. थू आमच्या जिण्यावर.

दुपारी टाकी रिकामी केली. आत्मारामनं शिडी धरली आणि मृणाली आत उतरली. बादलीतून जे वर आलं ते नितेशला तिनं गच्चीवर उभं राहून बघायला लावलं. खाली आल्यावर अध्यक्षांनी त्याच्यापुढे डायरी धरली. त्यानं मुकाट दोन्ही महिन्यांच्या सह्या केल्या. मग मृणालीनं कार्डावरच्या सगळ्या तारखा खोडल्या, त्या दिवसाची घातली आणि पुढे आपलं नाव लिहिलं.

संध्याकाळी टाकीत नवं पाणी चढलं. जिन्याखालच्या नळाला तिनं पहिली ओंजळ धरली आणि प्यायली. दुसरी गंगुबाईंना दिली. तिसरी भरून माझ्यापुढे केली.

मी पाणी प्यायलो. पण त्याआधी क्षणभर थांबलो होतो, आणि ते तिनं पाहिलं होतं.