पाठीतलं इंजेक्शन आणि शालूबाई

आमच्या दवाखान्यात शालूबाई आया म्हणून लागल्या त्याला बावीस वर्षं झाली. मी सिस्टर म्हणून आले त्यालाही आता नऊ वर्षं होतील, तरी मी त्यांच्या लेखी अजून ‘नवीन सिस्टर’च. सिझरच्या बाईला पाठीत इंजेक्शन देताना पुढून घट्ट धरायचं काम त्यांचं. बाईचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घ्यायचं आणि दरडावायचं, "मांजरावाणी पाठ काढ. हालायचं न्हाय!" त्यांच्या हातातली बाई हललेली मी कधी पाहिली नाही.

आणि ह्याच शालूबाई दारात चहा पिताना येईल त्या बाईला सांगायच्या, "त्या सुईनं पाठ जल्माची जाती." माझा नुसता संताप व्हायचा. पण त्या थापा मारत नव्हत्या. दुसऱ्या खेपेला आलेल्या बायका पाठ दुखते म्हणायच्याच की.

परवा सकाळी त्यांचीच लेक राजनंदिनी कळा सुरू झाल्या म्हणून दाखल झाली. पहिलटकरीण. दहा वाजेपर्यंत कळा एवढ्या वाढल्या की पलंगाची दांडी तिच्या हातून सुटेना. भुलीच्या डॉक्टर मधुवंती मॅडमनी तिला समजावलं, "कळा सुसह्य करायचं औषध पाठीतून देता येतं. सिझरसारखं एकदाच टोचून पाय बधिर करत नाही. बारीक नळी ठेवायची आणि थोडं थोडं सोडायचं. टोचल्या जागी चार दिवस दुखेल, क्वचित डोकं दुखतं. पण पाठीचं जन्माचं दुखणं यानं लागत नाही."

राजनंदिनीनं विचारलं, "आई, घेऊ का गं?"

शालूबाईंनी लेकीच्या कपाळावरचा घाम पुसला. मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, "सिस्टर, मला काय कळंना झालंय. व्हय म्हणलं आणि पोरीची पाठ गेली तर? न्हाय म्हणलं तर तिचं वरडणं कसं ऐकू?"

"मॅडमनी आत्ताच सांगितलं की."

"ऐकलं. पर त्या बायका काय खोटं बोलत्यात व्हय?"

कळ ओसरली तशी लेक पलंगावरून म्हणाली, "आई, तू गगनबावड्यात घरातच बाळंत झालीस. तुला कुणी सुई टोचलीती? मग माझ्याकडनं रोज पाठ कशाला चोळून घेतीस?"

एवढी साधी गोष्ट बावीस वर्षांत त्यांच्या ध्यानात आली नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

"मग माझी कशानं दुखती?" त्यांनी मलाच विचारलं. बाळंतिणी उचलून आणि फरशा पुसून, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी संमतीचा कागद पुढं केला.

राजनंदिनीनं कागदावर स्वतःच सही केली. "द्या मॅडम. पर धरायला आईच पायजे."

शालूबाई पुढं उभ्या राहिल्या. लेकीचं डोकं खांद्यावर घेतलं, पण नेहमीचं दरडावणं काही तोंडून फुटेना. मॅडमनी पाठ पुसली, सुई हातात घेतली आणि थांबल्या.

"कोण हलतंय?"

राजनंदिनी तर दगडासारखी बसली होती. शालूबाईंचेच हात थरथरत होते. मला भीतीच वाटली. त्यांना बाजूला करावं म्हणून मी पुढं झाले. तेवढ्यात लेकीनं दोन्ही हात आईच्या कमरेला घातले.

"आई, मी धरलंय तुला. हालायचं न्हाय."