चायुकबाई आणि चहाचा शब्द

चहा या शब्दावर मालकी सांगणारी बाई मी एकच पाहिली. अलास्कात, कोडियाक बेटावर, माझ्या मुलाची शेजारीण. जातीने अलुतीक, म्हणजे तिथली मूळची. आडनाव मात्र रशियन. पहिल्याच भेटीत म्हणाली, "चायुक घेणार?"

मी म्हटलं, "बाई, तो चहा. शब्द आमचा आहे."

"माझ्या आजीचा आहे. तुझी आजी आली होती का इथे?"

मुलगा मध्ये बोलला, "बाबा, तो शब्द इकडे रशियन लोकांनी आणला. मुळात चीनचा." आम्ही दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठूनच गेला. मी चौथी शिकलेला, पण बोललो ते बोललो. ती तर माझ्याहून वरचढ.

रोज दुपारी यायची. मोडक्या इंग्रजीत आमचं भांडण चाले. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून मागवलेल्या पावडरचा माझा दुधाचा चहा पिऊन म्हणायची, "हे सूप आहे." तिचा बिनदुधाचा, वर चमचाभर जाम. मी म्हणायचो, "काढा."

रशियनांचा विषय निघाला की डोळे बारीक करायची. "पाणमांजराच्या कातड्यांसाठी आले. आमच्या माणसांना धरून शिकारीला नेलं. कितीतरी परतलेच नाहीत."

"मग असल्यांचा देव कशाला ठेवलात?"

"ते गेले, तो राहिला. राहिला तो आपला."

त्यांचा नाताळ जुन्या रशियन पंचांगाने, जानेवारीत. काठीवरचा मोठा तारा फिरवत, गात घरोघर जायचं. आपला आकाशकंदीलच, फक्त गरगर फिरणारा. तारा कायम तीच फिरवायची. गेल्या वर्षी तिचा खांदा गेला. तरणी मंडळी कामाधंद्याला शहरात. उरल्या गाणाऱ्या तीन म्हाताऱ्या. म्हणाली, "तू फिरव. नाहीतर यंदा तारा निघायचा नाही."

"माझा देव वेगळा आहे."

"देवाला कोण विचारतंय? मला खांदा पाहिजे."

मी नाही म्हणजे नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी आली, सूप संपवलं, कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "बरं. शब्द तुझा. चहा."

इतकी वर्षं भांडून जिंकलो, पण घास गोड लागला नाही. मुकाट्याने तारा उचलला. बाई वाटभर ओरडत होती, "सरळ धर! तारा आहे तो, पंखा नाही!" आणि प्रत्येक घरात माझ्याकडे बघून, मुद्दाम मोठ्याने मागायची, "चहा!" घरचे लोक गोंधळायचे. हट्टी खरी, पण दिल्या बोलाची पक्की.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गेली. चाळिसाव्या दिवशी तिच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली, नंतर चहापाणी. किटली घेतलेल्या मुलीने विचारलं, "टी, अंकल?"

"चायुक," मी म्हटलं.

तिने दुधाचं भांडं पुढे केलं. मी नको म्हटलं, चमचाभर जाम मागून घेतला.

काढाच होता. सगळा प्यालो.