गावदेवीच्या पेटीला कोणतं पॉलिश

दुसऱ्यांदाही पेटी पांढरी पडली. आदल्या दिवशी झाकणात तोंड दिसत होतं; सकाळी पाहतो तर सगळीकडे भुरकट डाग.

“मिस्तरी, यो कं झाला?” कोलशेतचे पाटील म्हणाले.

पेटी गावदेवीची, जुन्या सागवानाची. तिच्यात देवीची वस्त्रं राहत. म्हातारी मंडळी ‘आहे तशी राहू द्या’ म्हणत असताना पाटलांनी ती पॉलिशसाठी स्वतःच्या शब्दावर देवळाबाहेर काढली होती. जत्रा पंधरा दिवसांवर आलेली. पेटी बिघडली तर त्यांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मी त्या काळी कल्याणला राहायचो, रेल्वेच्या वर्कशॉपात पॉलिशवाला. साहेबांच्या डब्यांना फ्रेंच पॉलिश करायचो. म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं थरावर थर चढवायचे. हात चांगला होता, आणि तो चांगला आहे हे मी सगळ्यांना सांगतही असे. रजा काढून कोलशेतला आलो तो याच ऐटीत.

पहिल्यांदा मी लाखेला दोष दिला, दुसऱ्यांदा खाडीच्या दमट हवेला. नाचता येईना, अंगण वाकडं.

पाटलांची विधवा बहीण गोमीबाई हे सगळं ओटीवरून बघत होती. तिचा जन्म मिठागरात राबण्यात गेलेला. ती उठली, पेटीच्या तळावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

“खारट हाय,” ती म्हणाली. “देवीची व्हायचे आदी ही पेटी आगरावरचे खोपीत होती, मिठाचे गोनींखाली. लाकडान मीठ मुरलाय. मीठ पानी खेचतंय. तुजा रंग टिकंल कसा?”

मी खजील झालो. चार दिवस ते लाकूड घासत होतो, पण हे काही सुचलं नव्हतं.

“मग आता?”

“गोडी माती लावू.”

मी स्पिरिटनं सगळं पॉलिश उतरवलं. गोमीबाईनं भातशेतातली माती गोड्या पाण्यात कालवून पेटीला आतून-बाहेरून लिंपली. माती वाळत आली तशी तिच्यावर पांढरा खार फुलला. लाकडातलं मीठ ओलीबरोबर मातीत येत होतं. ती खरवडली, पुन्हा लिंपली. असं पाच वेळा केलं. पाचव्या मातीवर खार आला नाही. साहेबाच्या कुठल्या पुस्तकात हे असेल असं मला वाटत नाही. त्या बाईपुढे हात जोडावेसे वाटले.

लाकूड सावलीत सुकवलं आणि मी पुन्हा बोळा उचलला.

“जत्रंला ओले हात लागतील, तवा?” गोमीबाईनं विचारलं.

“डाग पडतील.”

“मंग ते काडनार कोन? तू येशील कल्यानशी?”

मी बोळा खाली ठेवला. फ्रेंच पॉलिशचा डाग काढायला पॉलिशवालाच लागतो. अळशीचं उकळलेलं तेल मात्र कुणीही चिंधीनं चोळू शकतो. चमक कमी, पण डाग पडला तर पुन्हा चोळलं की झालं. मी चपडा पिशवीत टाकला. बाहेरून तेलाचे तीन पातळ हात दिले, आतून काहीच नाही. बंद पेटीत तेल नीट वाळत नाही, वास धरतं आणि कापड खराब करतं. तिसरा हात गोमीबाईनं स्वतः दिला, माझ्यापेक्षा सारखा.

जत्रेच्या आदल्या दिवशी पेटी देवळात गेली. “चकाकत नाय,” पाटील हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

‘आहे तशी राहू द्या’ म्हणणाऱ्यांतला सगळ्यांत म्हातारा पुढे आला. त्यानं झाकणावर तळहात फिरवला, वास घेतला, आत वाकून पाहिलं.

“पाटला, तू तर बोल्लास मिस्तरी आनलाय,” तो म्हणाला. “ही तं आपलीच पेटी हाय.” आणि त्यानं देवीची वस्त्रं आत ठेवायला सांगितलं.

पाटलांनी डोळे पुसले. माझी कारागिरी कुणाला दिसलीच नाही, याचं मला तेवढ्यापुरतं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर इतके डबे चमकवले, तरी माझं सर्वांत चांगलं काम तेच, आणि त्यातलं अर्धं गोमीबाईचं. लाकडाला काय लावायचं हे ठरवण्याआधी, उद्या ते सांभाळणार कोण, एवढं विचारून घ्यावं.