काठावर ठेवलेल्या चपला

नाशिकरोडच्या फलाटावर सायकल घेऊन उभं राहिलं की लोक दोनदा बघतात. एकदा सायकलकडे आणि मग ती धरून उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे. मला पन्नाशी गाठायला थोडंच उरलं आहे आणि केस मी रंगवत नाही, त्यामुळे दुसरी नजर जरा जास्त वेळ टिकते. हमालानं तर सरळ विचारलं, "मुलाची का हो सायकल?" मी हो म्हणून टाकलं. मला मूल नाही, पण गाडी यायला वेळ होता आणि समजावत बसायचा कंटाळा आला होता.

मी निघाले होते छत्रपती संभाजीनगरला, अर्ध्या अंतराच्या ट्रायथलॉनसाठी. म्हणजे जवळपास दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल हाणायची आणि वर एकवीस किलोमीटर धावायचं, सगळं एका दमात. पूर्ण अंतराच्या शर्यतीत हे सगळं दुप्पट असतं. तशी एक पूर्ण शर्यत पुढच्या हिवाळ्यात कोकणच्या समुद्रात होती, आणि माझा जीव तिच्यात अडकला होता.

अडचण अंतराची नव्हती. तिथला नियम असा, की प्रत्येक स्पर्धकाचं स्वतःचं एक माणूस दिवसभर हजर हवं. मी चौकशीला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "मॅडम, सोबत कोण?" मी फोन कट झाल्याचं नाटक केलं. आई गेली. जिच्याबरोबर सात वर्षं पहाटे पळायला जायचे ती सुनंदा मुलाकडे कॅनडाला गेली. भाऊ आहे, पण तो "या वयात?" एवढंच म्हणतो. तेव्हा मी ठरवलं की ही अर्धी शर्यत एकटीनं धडपणे पार पाडायची आणि त्या मुलीला ठणकावून सांगायचं की मला माणूस लागत नाही. नाहीच जमली, तर पूर्ण शर्यतीचा नाद सोडायचा.

लासूर मागे पडलं आणि थोड्या वेळानं खिडकीत दौलताबादचा किल्ला दिसायला लागला. शेतांत ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. समोरच्या बाकावरच्या कुटुंबानं मला हुरडा (कोवळी भाजलेली ज्वारी) दिला, तिखट चटणीसकट. "एकट्याच?" त्यातल्या आजोबांनी विचारलं. तोंडात हुरडा असल्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही.

शर्यत पैठणच्या धरणात सुरू होऊन शहराच्या पश्चिमेला, पडेगावात संपणार होती. त्यामुळे आमच्या सायकली आयोजकांच्या टेम्पोतून पैठणला जायच्या होत्या. टेम्पो चालवणाऱ्या सलीमभाईंनी माझी सायकल दोऱ्यांनी आवळत विचारलं, "मॅडम, खाना खाया? नान खलिया खाके जाव." नान खलिया म्हणजे जाड, मऊ नान आणि मटणाचा हळदीच्या रंगाचा तर्रीदार रस्सा. शेजारच्या हॉटेलातून येणाऱ्या वासानंच जीव कासावीस झाला. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी पोटाशी खेळ नको, म्हणून उद्या खाईन म्हणाले. "हौ, कल पक्का," ते म्हणाले. पैठणच्या लॉजवर मी वरणभात खाल्ला आणि भिंतीवरच्या पालीला शुभरात्री म्हणून झोपले.

सकाळी नाथसागराचा काठ जत्रेसारखा गजबजला होता. कुणाचा नवरा पाठीला व्हॅसलीन चोळत होता, कुणाची लेक टॉवेल धरून उभी होती. माझ्या पाठीपर्यंत माझा हात पोचत नाही, तेवढी जागा तशीच राहिली. मी कपडे, फोन, पाकीट पिशवीत भरलं, पिशवी एका दगडावर ठेवली आणि तिच्याशेजारी चपला काढल्या. या पिशव्या नंतर सलीमभाई गोळा करून पडेगावला नेणार होते.

"ही कापडं कुणाची?" मागून दरडावल्यासारखा आवाज आला.

हिरवं लुगडं नेसलेली, साठीची बाई उभी होती. आमच्या राखणीसाठी पाण्यात मासेमारांच्या होड्या सोडल्या होत्या, त्यातली एक तिच्या नवऱ्याची. नाव कौसाबाई.

"माझी आहेत, मावशी. राहू द्या, कुणी नेत नाही."

"न्यायचं नाय म्हणत मी. संग कोन आलंय तुझ्या?"

"कुणी नाही."

"अगं माय!" तिनं कपाळाला हात लावला. "कापडं काठावर एकटी ऱ्हात नसत्यात, बाई. जो म्हागारी येनार नसतो त्याची ऱ्हात्यात तशी. आमच्यात मानूस पान्यात गेलं का कापडापशी कुनीतरी बसतंच. त्यानं येऊन पायात चपला घातल्या का मंग उठायचं."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं मी सांगितलंही. "तू नको ठिवू इस्वास," असं म्हणून ती माझ्या चपलांशेजारी फतकल मारून बसली. मला खरं सांगायचं तर राग आला. एकटीनं करायचं म्हणून आले होते आणि सुरुवातीलाच हे लचांड.

पाणी गार होतं. पहिल्या शंभर हातांतच सगळे पुढे निघून गेले आणि मी मागे उरले. पोहताना अधूनमधून मान वर काढून खूण शोधावी लागते, नाहीतर माणूस भलतीकडेच जातं. वळसा घालून परतताना समोर ऊन आलं आणि वाट दाखवायला आयोजकांनी पाण्यावर सोडलेले नारिंगी फुगे दिसेनासे झाले. इतकं पाणी आणि त्यात आपण एकटे, हे तेव्हा जाणवलं आणि मी घाबरले. काठ नुसता राखाडी दिसत होता. मग त्या राखाडीत एक हिरवा ठिपका दिसला, हलत नव्हता. मी त्याच्यावर डोळा ठेवून हात मारत राहिले.

सायकली मात्र त्या दगडापासून लांब, पलीकडच्या घाटावर लावल्या होत्या; काठ जवळ आल्यावर फुगे पुन्हा दिसले आणि मी तिकडे वळले. पाण्यातून निघाले, बूट चढवले आणि उशीर झाल्याच्या धास्तीत सुटले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पैठणचा रस्ता सुरुवातीला बरा गेला. उसाचे ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या, हात हलवणारी पोरं. पण बिडकीनजवळच्या नव्या औद्योगिक वसाहतीत फेऱ्या मारायच्या होत्या, आणि तिथले रस्ते विमान उतरेल एवढे रुंद असून माणूस एक नाही. दिव्याचे खांब, दुभाजकातली वाळकी झाडं, पुन्हा दिव्याचे खांब. मी मोठमोठ्यानं पाढे म्हणत सायकल मारली. सुनंदा असती तर तिनं एकोणतिसाचा मुद्दाम चुकवला असता. तिची इतकी आठवण आली की चष्मा पुसायला थांबावं लागलं.

धावायला लागले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पडेगावातून दौलताबादच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं. समोर किल्ला, तो काही केल्या जवळ येईना. एका टपरीवाल्यानं विचारलं, "कोन मागं लागलंय, ताई?" मी म्हटलं, "कुणीच नाही हो." आणि ते शब्दशः खरं होतं, माझ्या मागे स्पर्धकच उरले नव्हते. पण मी थांबले नाही. मंडप उतरवायला आलेल्या माणसांनी दोर सोडून टाळ्या वाजवल्या आणि मी शेवटची रेघ ओलांडली.

जमलं होतं. एकटीनं जमलं होतं. पदक मी स्वतःच गळ्यात घातलं, आणि काही वाटण्याची वाट बघत खुर्चीवर बसून राहिले.

"मॅडम," सलीमभाई समोर आले, "तुमची पिशवी नाही आली. वो बाई देईचना. म्हणे, जिची हाये तिच्याच हातात देनार. मैं बोला घरकेच लोगां होंगे, नंतर घेऊन येतील. तुमच्या घरच्याच ना?"

मी खुर्चीवरून उठले ते पायांत गोळे आलेत हे विसरून. ती बसली असेल. मी पायात चपला घातल्याशिवाय ती उठणार नव्हती, आणि मी सकाळपासून तिला साफ विसरले होते.

फुगे आणायला टेम्पो परत पैठणला जाणारच होता. "नान खलिया?" सलीमभाईंनी विचारलं. नको म्हणून मी टेम्पोत चढले.

उन्हं कलली होती. काठ पार मोकळा, आणि त्या दगडाशी हिरवं लुगडं. बाजूला फडक्यात बांधलेली भाकरी कुणीतरी आणून दिलेली, अर्धी खाल्लेली. माझ्या चपलांची टोकं तिनं पाण्याकडून गावाकडे फिरवून ठेवली होती.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "लई लांब व्हती का गं शर्यत?"

मला रडू फुटलं. एवढ्या मोठ्या बाईनं असं रडावं याची लाज वाटली नाही. "मावशी, तुम्ही गेला का नाहीत? मी धडधाकट बाहेर पडले ते होडीतून दिसलं असेल ना तुमच्या माणसांना?"

"दिसलं की. मालक सांगून गेले, बाई गेली सायकलवर. पर चपला हितंच व्हत्या न्हवं?" मग तिनं त्या पुढे सरकवल्या. "घाल पायात. माज्यासमोर घाल."

मी बूट काढले, फोड आलेले पाय चपलांत घातले. तेव्हा कुठे ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. उरलेली भाकरी तिनं माझ्या हातात दिली, वर तळलेल्या वाम माशाचा तुकडा. नान खलियाची मला आठवणही झाली नाही.

"मावशी, पुढच्या हिवाळ्यात मी समुद्रात पोहणार आहे," मी म्हटलं. "याल?"

तिनं भाकरीचं फडकं झटकलं. "समुद्र म्या पाह्यला नाय कदी. पर कापडापशी बसायला समुद्र कशाला म्हाईत पायजे?"

दुसऱ्या दिवशी नाशिकला उतरले. फलाटावर नेहमीप्रमाणे कुणी नव्हतं. घर बंद होतं तसंच होतं, मोरीतला नळ ठिबकत होता. एका शर्यतीनं घर भरत नाही, हे लिहिताना मला ठाऊक आहे. पण मी हातपाय धुतले आणि कोकणातल्या त्या मुलीला फोन लावला.

"मॅडम, सोबत कोण?" तिनं तसंच गोड आवाजात विचारलं.

"कौसाबाई."

"नातं?"

मी चपलांकडे बघितलं. उंबऱ्यापाशी नकळत मीही त्या टोकं घराकडे करून काढल्या होत्या.

"त्या मी येईपर्यंत बसतात," मी सांगितलं.