कमलम्मांनी पाडलेला भाव

शिवानंदअप्पांना गाडी विकायची होती आणि विकायचीही नव्हती. म्हणून त्यांनी किंमत सांगितली एक लाख वीस हजार.

"एवढ्याला तर आपण नवी घेतली होती," कमलम्मा म्हणाल्या.

"मग? आपल्या गाडीनं हंपी बघितली, गोकर्ण बघितलं, कन्याकुमारी बघितली. नव्या गाडीनं काय बघितलंय?"

होटगी स्टेशनात सिग्नलची कामं करून अप्पा निवृत्त झाले आणि जुळे सोलापुरात राहायला आले. ही साडेतीनशे सीसीची दणकट मोटारसायकल त्यांनी नोकरीत असतानाच घेतली होती. रजा मिळाली की दोन्ही बाजूंच्या पेट्या भरायच्या, मागं कमलम्मांना बसवायचं आणि निघायचं. पण यंदा दिवाळीत सात रस्त्याच्या सिग्नलला अप्पांचा पाय घसरला, गाडी आडवी झाली आणि ती उचलायला अनोळखी माणसांना धावावं लागलं. घरी आल्यावर दोघंही पोट धरून हसले. हसू ओसरलं तेव्हा गाडी विकायचं ठरलं.

भावाचं मात्र जमेना. शेजारी म्हणाला, चाळीसच्या वर कोण देतंय? गॅरेजवाला गुरु म्हणाला, "गिऱ्हाईक देईल तो भाव, अप्पा." मोबाईलवर बघावं तर तसल्याच गाडीला कुणी पन्नास हजार लावलेले, कुणी नव्वद.

"मागितलेले पैसे वेगळे आणि मिळालेले वेगळे," कमलम्मा म्हणाल्या. "खरा भाव कळायचा तर आपणच गिऱ्हाईक होऊन जाऊ की."

विजापूर रोडला अनिलकुमार म्हणून एकाची अगदी तशीच, त्याच साली घेतलेली गाडी विकायला होती. किंमत पंच्याऐंशी. रविवारी दोघं रिक्षानं तिथं गेली. कमलम्मांनी पदर खोचला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"पुढच्या शॉकॲबमधून ऑइल गळतंय."

"थोडंसंच, अक्का."

"चेन सैल हाय. मागचा टायर टक्कल पडल्यासारखा. आणि पंधरा वर्षं भरत आली की! आरटीओत पुन्हा पासिंग कोण करणार? त्याचा खर्च कुणाचा?"

अप्पा कोपऱ्यात उभे राहून घाम पुसत होते. कमलम्मा दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवत होत्या आणि प्रत्येक नाव अप्पांच्या गाडीला चपखल बसत होतं. गळकं ऑइल तेच, टायर तोच. मग घरात चहाला बसल्यावर पंच्याऐंशीचे पंचाहत्तर झाले, पंचाहत्तरचे सत्तर. कमलम्मांना आता रंग चढला होता. त्या चप्पल घालून निघाल्यासारखं करायच्या, दारातून परत फिरायच्या.

शेवटी अनिलकुमारनं हात जोडले. "दिली! साठला दिली. आजच घेऊन जा, अक्का."

कमलम्मांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. भाव पाडायचा एवढंच ठरलं होतं, पुढचं काही ठरलंच नव्हतं. त्यांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी छताच्या पंख्याकडं बघितलं.

"खरं सांगू का," कमलम्मा हळूच म्हणाल्या, "आम्हाला घ्यायची न्हाय. आमची विकायची हाय."

आतून अनिलकुमारच्या बायकोचं हसणं आधी ऐकू आलं, मग तोही हसायला लागला. "म्हणजे तासभर माझी गाडी सोलून काढली ती फुकटच? थांबा अक्का, येत्या रविवारी मी तुमच्याकडं येतो. तुमच्या गाडीला मी गिऱ्हाईक."

आणि तो खरंच आला. गाडीखाली आडवा होऊन बघितली, टायरवर अंगठा दाबला, अप्पांच्या जिवाचं पाणी पाणी केलं. पण उठताना म्हणाला, "पेट्या चांगल्या आहेत. इंजिन तर घड्याळासारखं चालतंय. माझ्यापेक्षा दोन हजार जास्त लावा. बासष्ट. त्याच्या खाली उतरू नका." कमलम्मांनी त्याला धपाटे आणि दही वाढलं. बासष्ट हा आकडा अप्पांनाही मनातून पटला.

पुढच्याच आठवड्यात अपेक्षा नावाची एक तरुणी गाडी बघायला आली. मूळची केम गावची, सोलापुरात एका दवाखान्यात नर्स. तिनं काही विचारायच्या आत कमलम्मांनीच ऑइल, चेन, टायर, पासिंग सगळं सांगून टाकलं आणि शेवटी बासष्ट म्हणाल्या.

"मावशी, सगळं तुम्हीच सांगितलं. आता मी घासाघीस कशावर करू?" अपेक्षा हसली आणि तिनं बासष्टच दिले.

मग पेट्या कशा भरायच्या याची शिकवणी झाली. जड सामान तळाला, कडक भाकरी वरती, पाण्याची बाटली हाताशी. अपेक्षा म्हणाली, "काका, मोठ्या रस्त्यापर्यंत मागं बसा. क्लच कसा धरते ते बघा."

अप्पा आजवर या गाडीवर मागं कधी बसलेच नव्हते. ते पाठटेकूला रेलले, गाडी धडधडत निघाली आणि वळसा घालून पुन्हा दारात आली. अप्पा उतरले ते लहान पोरासारखे खुलूनच.

"अगं, मागं लई आराम हाय की! हातात काही काम न्हाय, नुसतं इकडं बघा, तिकडं बघा. इतक्या वर्षांत कधी बोलली न्हाईस?"

"बोलले असते," कमलम्मा म्हणाल्या, "तर गाडी कुणी चालवली असती?"