छपरावरचा लाल क्रॉस

शेजारच्या नर्समावशी दर वर्षी युद्धातल्या जखमींची सेवा करायला जायच्या आणि परतल्या की आमच्या पोरांहून पोर व्हायच्या. बर्फ पडला की कॅफेटेरियाचा ट्रे बुडाखाली घेऊन उतारावरून किंचाळत सुटायच्या आणि तळाशी लोळत ओरडायच्या, "अगं बाई, मेले!"

त्या हिवाळ्यात त्या अफगाणिस्तानातून आल्या आणि ॲन आर्बरच्या आमच्या अंगणात बर्फाच्या गोळ्यांची लढाई पेटली. मावशींचा बर्फाचा किल्ला म्हणजे हॉस्पिटल, म्हणून माझ्या मुलीने त्याच्या छपरावर केचपने भला मोठा लाल क्रॉस काढला. मावशी खिदळत मला गोळे हाणत होत्या. क्रॉस दिसताच धावल्या आणि दोन्ही हातांनी तो खरवडू लागल्या.

"मावशी, डोन्ट! इट्स अ हॉस्पिटल!" मुलगी ओरडली.

"म्हणूनच गं राणी," मावशी अजून हसतच होत्या, "बॉम्ब टाकणारे आधी हाच शोधतात."