पायरीवरचा फोटो

पार्वतीमावशीला बघायचं असेल तर खारदांड्याच्या किनाऱ्यावर या. पत्रे ठोकून जागा बंद केलीय, त्या पत्र्यांवर दहा फुटी मावशी हसतेय. हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीची वेणी, अंगावर होतं नव्हतं ते सगळं सोनं. बाजूला आमच्या वॉर्डातला कार्यकर्ता, मिथुन. मावशी त्याच्या हातात कागद देतेय. खाली मोठ्ठ्या अक्षरांत छापलंय: 'किनारा सुशोभीकरणाला कोळी भगिनींची संमती.'

संमती कसली डोंबलाची! तो कागद मावशीच्या सांगण्यावरून मी लिहिला होता; आम्हा दोघींशिवाय त्यात काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. 'आमची सुकवणीची जागा घेऊ नका,' एवढंच होतं त्यात.

मावशीचा नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही. तेव्हापासून चाळीस वर्षं ती बोंबलांवर जगली. किनाऱ्यावर बांबू रोवायचे, दोऱ्या ताणायच्या, आणि दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत टांगायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते जमेना. "हात हायेत का वल्ही गो तुझे?" वर्षभर हेच ऐकलं. तोंडाची फटकळ होती बाई. पण माझा कृणाल तापाने फणफणला, रिक्षा मिळेना, तेव्हा त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत धावली तीसुद्धा हीच.

जागा जाणार असं कळलं आणि त्याच आठवड्यात मिथुनने बायकांची सहल काढली, विधानभवन बघायला. म्हणाला, "मावशी, अर्ज आणा. आत साहेबांच्या हातात देतो मी स्वतः."

मावशी नटली ती अशी, जणू घरातलं लग्न आहे. मी हसले. "मोठ्या घरी चाललोय, विनिता," ती म्हणाली, "भिकाऱ्यासारखं जाऊन कोण ऐकंल?"

आत फिरवलं आम्हाला. अधिवेशन नव्हतं, सभागृह रिकामं. वरच्या गॅलरीतून खाली बघितलं तर गोल गोल मांडलेली बाकं, प्रत्येकापुढे माईक. माहिती सांगणारा माणूस कायदा कसा होतो ते सांगत होता. मावशीने मध्येच विचारलं, "दर्याचं बोलनारा कुठं बसतो?" तो गडबडला. "सगळेच बोलतात, आजी." बायका खिदळल्या. मावशी नाही हसली. ती एकेक बाक बघत राहिली, आणि मग माझ्या कानात म्हणाली, "एवढी जागा हाय, बाय. आनि मला चार बांबूंची नको?"

बाहेर पायऱ्यांवर मिथुनने सगळ्यांना थांबवलं. "आणा अर्ज." मी म्हटलं, "मावशी, पोच घे. सही-शिक्का घे याचा." तर ती माझ्यावरच उखडली. धक्क्यावर मासळीचा लिलाव तोंडी चालतो. बोली लागली, हातावर हात पडला, की संपलं. कोणी लिहीत नाही, कोणी शब्दावरून फिरत नाही. तिथे कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं.

"चारचौघांत हातात देते ना? मग? आपला पोरगा हाय तो!"

पोरगा मोबाइल दुसऱ्याच्या हातात देऊन तयारच होता. मावशीचा चेहरा घट्ट झाला होता. आणि मी मूर्ख म्हणाले, "हस गं जरा! मोठ्या लोकांची जागा आहे."

ती हसली. तोच हा फोटो.

पत्रे लागले त्या दिवशी आमच्यासोबत बोंबील वाळवणारी कुंदा मावशीच्या दारात जाऊन बोंबलली, "किती घेतलेस गो? आमची जागा इकलीस!" दुसऱ्या दिवसापासून धक्क्यावर मावशीची बोली कुणी धरेना. तिने पाटी पुढे केली की बायका पाठ फिरवायच्या. चाळीस वर्षं जिथे बसायची तिथे कुणीतरी माशांचं घाण पाणी ओतून ठेवायचं. एकदा तिच्या अंगावरच ओतलं. मी बघत होते.

शेवटी तिनेच सगळ्यांना समाजाच्या हॉलमध्ये बोलावलं. मधोमध उभी राहिली आणि माझ्याकडे बोट केलं. "हिनं लिवलाय अर्ज. इचारा हिला. विनिता, सांग गो काय लिवलं व्हतं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मागे दारात मिथुन उभा होता, मोबाइल चाळत. पंधराच दिवस झाले होते, माझ्या कृणालला त्याने त्याच सुशोभीकरणाच्या कामावर सुपरवायझर म्हणून चिकटवलं होतं. दोन वर्षं पोरगा घरी बसून होता.

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

मावशी ओरडेल, माझ्या झिंज्या धरेल असं वाटलं होतं. धरल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "तोंडानं सांगायचं व्हतं फकस्त," आणि निघून गेली. धक्क्यावर ती त्यानंतर आली नाही. आता आतल्या खोलीत पडून असते. तिच्या दारावरून जायला नको म्हणून मी लांबून, देवळाच्या मागून जाते.

कृणालच्या कामात रोज सकाळी ते पत्रे पुसून घेणंही येतं. खाऱ्या वाऱ्याने चेहरे धुरकट होतात म्हणे. काल जेवताना म्हणाला, "आई, पार्वतीआजी काय मस्त हसलीय गं फोटोत."

मी त्याला भात वाढला.